चहाचा डबा हलला का?

ऑक्टोबर २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे दोन्ही तालुके त्यात आले. जिल्हा झाला, तरी नोकरीची वाट अजून नागपूरकडेच जाते आणि तिथून पुढे पुण्याला, हैदराबादला. मागे राहतं घर, संत्र्याची बाग आणि म्हातारे आईवडील. मग रोज सकाळी फोन येतो, "चहा झाला का?" विचारलेलं असतं चहाबद्दल, पण पोराला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. आई उठली का, पाय घसरून कुठे पडली तर नाही ना, गोळी घेतली का. फोन उचलला गेला नाही, की शेजारच्या काकांना फोन. काका बागेत असले, की मग दिवसभर जिवाला घोर.

असं घर हा अपवाद राहिलेला नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये वृद्धांची देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढचे जवळपास ६ टक्के लोक एकटे राहत असल्याचं दिसलं. नवराबायको दोघंच असलेली घरं त्याहून वेगळी.

बाजारात यावर पहिला उपाय मिळतो तो कॅमेऱ्याचा. तो स्वस्त आहे, लावायला सोपा आहे, आणि बहुतेक आयांना तो घरात नको असतो. त्यांचं बरोबर आहे. दुसरा मार्ग आहे तो माणसाकडे न पाहता वस्तूंकडे पाहण्याचा. चहाचा डबा जागेवरून उचलला गेला, मागचं दार उघडलं, न्हाणीघरात कुणी वावरलं, एवढ्यावरून सकाळ नेहमीसारखी चालली आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी लागतात रेडिओ टॅग आणि दोन-चार साधे सेन्सर.

टॅग म्हणजे काय, हे नागपूर-बैतूल महामार्गावरून चारचाकीने जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झालेला फास्टॅग हा आरएफआयडी टॅगच आहे. त्यात बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. आपल्याकडे हे काम ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि कमी शक्तीच्या उपकरणांना तिथे परवाना लागत नाही. हा टॅग काही मीटरवरून वाचला जातो. नागपूर मेट्रोचं महाकार्ड ज्या १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, त्या जातीचे टॅग मात्र चार-पाच सेंटिमीटरवरूनच बोलतात. घरासाठी ही दुसरी, जवळची जात बरी. रीडर स्वस्त पडतो, आणि लांबचं काही चुकून वाचलं जात नाही.

टॅगवरून माणूस काय करतोय हे ओळखायची कल्पना चांगली वीस वर्षं जुनी आहे. अमेरिकेत सिएटलच्या इंटेल प्रयोगशाळेत मत्थाई फिलिपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका खऱ्याखुऱ्या घरातल्या १०८ वस्तूंना टॅग चिकटवले, १४ जणांच्या हातात रीडर बसवलेला हातमोजा घातला आणि त्यांना रोजची कामं करायला सांगितली. हात कोणकोणत्या वस्तूंना लागला यावरून संगणकाने काम ओळखायचं, असा तो प्रयोग होता. पातेलं, साखर आणि चहापत्ती लागोपाठ हाताळली गेली, तर चहा. निष्कर्ष २००४मध्ये छापून आले. संगणकाने "अमुक काम झालं" म्हटलं, तेव्हा १००पैकी ८८ वेळा ते खरं निघालं. उलट बाजूने पाहिलं, तर प्रत्यक्ष झालेल्या १०० कामांपैकी त्याला ७३च पकडता आली आणि २७ निसटली. हा २७चा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

हातमोजा घालून कोणती आजी भाकरी थापेल? म्हणून घरात ही मांडणी उलटी करावी लागते. रीडर माणसाच्या अंगावर ठेवायचा नाही, तो वस्तूच्या जागेखाली बसवायचा. चहाचा डबा फळीवर जिथे ठेवला जातो, तिथे खाली रीडर आणि डब्याच्या बुडाला टॅग. डबा जागेवर असेपर्यंत रीडरला क्रमांक मिळत राहतो. क्रमांक यायचा थांबला, की डबा उचलला गेला. अंगावर काही घालायचं नाही, काही चार्ज करायचं नाही, कुठलं बटन दाबायचं नाही.

किती वस्तूंवर टॅग लावावेत? नवशिक्याची हौस इथेच उतू जाते. २००४मध्येच एमआयटीच्या संशोधकांनी दोन घरांत अनुक्रमे ७७ आणि ८४ सेन्सर बसवून दोन आठवडे नोंदी घेतल्या. चार वर्षांनी ॲम्स्टरडॅममध्ये टिम व्हॅन कास्टेरेन यांनी एकट्या राहणाऱ्या एका तरुणाच्या घरात १४ सेन्सरांवर २८ दिवस काम भागवलं. जपानमध्ये तर झोजिरुशी कंपनीने २००१मध्ये एका वस्तूवर सगळं आणलं. त्यांची पाणी गरम करायची विजेची किटली ती वापरल्याची खबर मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या मुलांना पाठवायची. जपानी म्हातारा माणूस सकाळी चहा केल्याशिवाय राहत नाही, हे कंपनीने नेमकं हेरलं होतं. आपल्याकडचा म्हातारा माणूस तरी कुठे राहतो?

तेव्हा आधी वही घ्यावी, सामान नंतर. आठवडाभर आईच्या सकाळचं निरीक्षण करावं, किंवा सरळ तिलाच विचारावं. उठल्यावर पहिलं दार कोणतं उघडतं, चहा आधी की अंघोळ आधी, गोळ्यांचा डबा कुठे असतो, देवापुढे दिवा कधी लागतो. रोज न चुकता, साधारण त्याच वेळी आणि त्याच हाताने होणाऱ्या तीन-चार गोष्टी निवडाव्यात. कधीमधी होणारी गोष्ट कितीही महत्त्वाची वाटली, तरी ती खूण म्हणून कुचकामी.

आता खरी अडचण. आपलं स्वयंपाकघर स्टीलचं असतं. साखर, चहा, डाळी, पीठ सगळं स्टीलच्या डब्यांत, आणि साधा टॅग धातूवर चिकटवला की मुका होतो, कारण धातू त्याच्या अँटेनाचं गणित बिघडवतो. पाण्याचाही त्रास आहे. लांब पल्ल्याच्या टॅगच्या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे पाण्याच्या भरल्या भांड्यावर किंवा तेलमिठात ओल्या झालेल्या बरणीवर भरवसा ठेवू नये. परदेशी लेख वाचून सामान मागवणारे पहिल्याच आठवड्यात इथे अडकतात. वाटा दोन आहेत. धातूवर लावायचे, मागे फेराइटचा थर असलेले खास टॅग मिळतात. ते डब्याच्या बुडाला लावावेत, तोंड खाली रीडरकडे. दुसरी वाट सोपी आहे. चहापत्ती प्लास्टिकच्या बरणीत ठेवायची. पण यासाठी आईला सवय बदलायला लावणं म्हणजे मूळ हेतूवरच पाणी. तिला स्टीलचाच डबा हवा असेल, तर टॅगचे चार पैसे जास्त गेलेले परवडले.

ओटा कडप्प्याचा असेल, तर रीडर त्याच्या खाली लपवू नये. एवढ्या जाड दगडातून चार सेंटिमीटरचा पल्ला उरत नाही. ओट्यावर किंवा लाकडी फळीवर पातळ प्लास्टिकचा ट्रे ठेवून रीडर त्यात बसवावा आणि वायर भिंतीकडून, गॅस आणि पाण्यापासून लांब न्यावी. आरसी-५२२ नावाचा रीडर आणि ईएसपी-३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड नागपुरात सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. दोन्ही मिळून खर्च शेकड्यांत जातो, हजारांत नाही. रीडरला ३.३ व्होल्टच द्यायचे. पाच दिले तर तो जळू शकतो, आणि दुकानदार परत घेत नाही.

जोडणी करणारा पॉलिटेक्निकचा विद्यार्थी असेल, तर त्याला एक खोड आधीच सांगून ठेवावी. या रीडरच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये जागेवरच पडून असलेला टॅग एकदा "आहे" आणि लगेच पुढच्या वेळी "नाही" असं उत्तर देतो. त्या "नाही"वर विश्वास ठेवला, तर डबा दिवसातून हजार वेळा उचलला गेल्याची नोंद होईल. सलग पाच-सहा वेळा "नाही" आलं, तरच डबा उचलला असं धरावं.

देवघराची गंमत आणखी वेगळी. समई पितळेची, घंटा पितळेची, ताम्हण तांब्याचं, टॅगला उभं राहायला जागा नाही. अगरबत्तीचा पुडा पुठ्ठ्याचा, त्यावर टॅग झकास चालतो. पण पुडा संपला की कचऱ्यात जातो आणि टॅगही त्याच्याबरोबर. तेव्हा पुडा ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या डबीत ठेवतात, त्या डबीला टॅग लावावा.

गोळ्यांच्या डब्याला तर लावावाच, पण एक मर्यादा ओळखून. डबा उचलला म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. गोळी हातात घेऊन माणूस पाणी आणायला जातो आणि मध्येच दाराशी कुणी आलं की गोळी ओट्यावरच राहते. रक्तदाब, साखर किंवा हृदयाच्या गोळीबाबत टॅगच्या नोंदीवर विसंबून डॉक्टरांना "नियमित घेते" असं सांगू नये. आठवड्याच्या शेवटी उरलेल्या गोळ्या मोजाव्यात.

टॅगच्या जोडीला सेन्सर लागतात दोनच. दारासाठी लोहचुंबकाचा स्विच: चुंबक दारावर, स्विच चौकटीवर, मध्ये सेंटिमीटरभर फट. श्रावणात लाकडी दार फुगतं, नीट बसत नाही आणि फट वाढते. मग दार लावलेलं असूनही सेन्सर ते उघडंच दाखवत राहतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला चुंबकाची जागा एकदा तपासून घ्यावी.

दुसरा, हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर. तो शरीराची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतल्या फरकावर चालतो. आता मे महिन्यातला नागपूरकडचा उन्हाळा डोळ्यापुढे आणावा. दुपारी तापलेली भिंत आणि माणसाची कातडी यांच्यात फरकच उरत नाही, आणि माणूस समोरून गेला तरी सेन्सर आंधळा राहू शकतो. उलट कुलरच्या झोतात हलणारा पडदा किंवा मांजर त्याला माणूस वाटतं. म्हणून पीआयआर पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीसमोर नको. तो न्हाणीघराच्या बोळात, आतल्या गार भागात बसवावा, आणि उन्हाळ्यात त्याच्या मौनाला फारसं महत्त्व देऊ नये. उन्हाळ्यात माणसं गच्चीवर किंवा अंगणात झोपतात हेही आहेच. खाटेखाली सेन्सर लावणाऱ्यांचे एप्रिल-मे वाया जातात.

पाण्याच्या वापरावरून घरातली हालचाल ओळखायचं एक सुंदर तंत्र वॉशिंग्टन विद्यापीठात २००९मध्ये पुढे आलं होतं. नळाला एकच दाबमापक लावायचा, आणि घरात कुठला नळ उघडला ते पाईपमधल्या दाबाच्या थरथरीवरून ओळखायचं. ते अखंड दाबाच्या पाण्यावर बेतलेलं आहे. नगरपालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं आणि बाकी दिवस गच्चीवरच्या टाकीतून, अशा घरात त्याचा नाद करू नये.

नोंदी जमायला लागल्या, की दोन आठवडे कुठलाही इशारा चालू करू नये. तेवढे दिवस आईने, किंवा रोज संध्याकाळी फोनवर तिला विचारून मुलाने, वहीत खरी हकिकत लिहावी. चहा सहा-दहाला, मागचं दार सहाला, गोळी आठला. मग वही आणि यंत्राची नोंद शेजारी ठेवून पाहावी. कुणी विक्रेता "आमची अचूकता ९५ टक्के" म्हणाला, तर ती कशाची ते विचारावं. ॲम्स्टरडॅमच्या त्याच प्रयोगात काळाच्या तुकड्यांनुसार मोजलेली अचूकता ९५.६ टक्के होती, पण प्रत्येक काम वेगळं धरून सरासरी काढली, तर ती ७९.४ टक्क्यांवर आली. कारण उघड आहे. दिवसाचा बराचसा वेळ माणूस झोपलेला असतो किंवा घराबाहेर असतो, आणि तेवढं ओळखणं सोपं. चहा आणि गोळी ही मिनिटा-दोन मिनिटांची कामं, चूक होते ती तिथेच. आपल्याला तर नेमकी तीच हवी आहेत.

आता तो २७चा आकडा. समजा आपली एक खूण १००पैकी २७ वेळा निसटते. "चहाचा डबा आठपर्यंत हलला नाही तर फोन वाजवा" एवढाच नियम केला, तर वर्षातल्या जवळजवळ ९९ सकाळी मुलाचा जीव उगाच टांगणीला लागेल. महिनाभरात तो इशाऱ्याकडे पाहायचं सोडून देईल, आणि खरी वेळ येईल तेव्हाही पाहणार नाही. डबा आणि मागचं दार या दोन्ही खुणा चुकल्या तरच इशारा असं ठरवलं, तर २७ टक्क्यांचे २७ टक्के, म्हणजे सुमारे ७ टक्के उरतात. वर्षाला सत्तावीसेक सकाळी. तिसरी खूण न्हाणीघराची जोडली, तर २ टक्के, वर्षाला सात. एवढं सोसण्यासारखं आहे. घराघरात आकडे वेगळे येतील, हिशेबाची रीत हीच.

मात्र या गुणाकारात एक गृहीत धरलेलं आहे, की तिन्ही खुणा आपापल्या कारणाने, वेगवेगळ्या दिवशी चुकतात. वीज गेली, की तिन्ही एकदम चुकतात. पहाटे चारला वादळाने लाइन गेली, राउटर बंद पडला, तर पुण्यातल्या मुलाला आठ वाजता दिसेल ते आई न उठल्यासारखंच दिसेल. घर गप्प आहे की यंत्र गप्प आहे, हे लांबून ओळखता आलंच पाहिजे. विकत मिळणाऱ्या कितीतरी संचांत हीच सोय नसते किंवा खोलवर लपवलेली असते. घरच्या जोडणीत ती सहज करता येते. प्रत्येक बोर्डाने दर पंधरा मिनिटांनी, काही घडो न घडो, "मी चालू आहे" एवढा निरोप पाठवायचा. निरोप थांबला, की मुलाच्या फोनवर "संपर्क तुटला" असा वेगळा इशारा यावा, शक्यतो वेगळ्या आवाजाचा. त्याचा अर्थ घाबरण्याचा नाही, साधा फोन लावून पाहण्याचा. राउटर आणि बोर्ड इन्व्हर्टरवर असले तर उत्तम, नाहीतर राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप मिळतो.

काही दिवस असे असतात, की सगळी गणितं चुकतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमारीची जत्रा असते, पांढुर्ण्यात घरोघर पाहुणे भरलेले असतात. डबा शंभर वेळा हलतो, दारं दिवसभर सताड उघडी. आंबिया बहाराची संत्री तोडायला आली, की वडील पहाटेच बागेत, मृग बहाराच्या वेळी पुन्हा तेच. घरात दोन माणसं असतील, तर डबा कुणी उचलला हे टॅग सांगू शकत नाही. आई आजारी पडलेली आणि चहा वडिलांनी केलेला, अशी सकाळ यंत्राला अगदी नेहमीसारखी दिसेल. दोघांसाठी दोन वेगळ्या खुणा हव्यात. वडिलांचा चष्म्याचा डबा, आईची अगरबत्तीची डबी. आणि पाहुण्यांच्या दिवसांसाठी इशारे बंद ठेवायचं एक बटन हवं, तेही आईच्या हाताशी. पुण्यातल्या मुलाच्या ॲपमध्ये ते असून उपयोग नाही.

बटनाचा मुद्दा निघाला म्हणून परवानगीचं बोलू. बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच येईल: "माह्या घरात माह्यावरच पहारा काहून?" त्याला सरळ उत्तर द्यावं. काय नोंदलं जातं, कोण पाहतं, किती दिवस ठेवलं जातं, आणि ती म्हणेल त्या दिवशी सगळं काढून टाकता येतं. महिनाभराहून जुन्या नोंदी ठेवायचं काही कारण नाही. कामाला येणाऱ्या बाईलाही सांगावं, तिचाही हात त्याच डब्यांना लागतो. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेल्या नोंदींना लागू होत नाही. पण तयार संच घेतला आणि नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर गेल्या, तर कंपनी त्या कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून शक्य असेल, तर नोंदी घरातल्याच जुन्या लॅपटॉपवर ठेवाव्यात. होम असिस्टंट नावाची मोफत प्रणाली त्यावर चालते, आणि बाहेर जातो तो फक्त इशारा आणि "मी चालू आहे" हा निरोप.

राहता राहिलं, इशारा आल्यावर काय करायचं ते. हे यंत्र बसवायच्या आधी ठरवावं आणि शेजाऱ्यांसमोर ठरवावं. पहिला फोन आईला. पाच मिनिटांत उत्तर नाही, तर शेजारी, ज्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे. आतून कडी लावायची सवय असेल, तर बाहेरून उघडता येईल असं लॅच मागच्या दाराला बसवून घ्यावं, नाहीतर किल्ली असून नसल्यासारखीच. दार उघडल्यावर गरज दिसली, तर शेजाऱ्यांनीच तिथूनच १०८ किंवा ११२ लावावा. पुण्यातून किंवा हैदराबादहून रुग्णवाहिका बोलावली, तर पत्ता सांगण्यातच वेळ जातो. औषधं, निवृत्तिवेतन किंवा एकटेपणाच्या कुरबुरींसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, ती वेगळी. आणि शेजाऱ्यांचे दोन नंबर इशाऱ्याच्या मजकुरातच लिहून ठेवावेत, म्हणजे मुलगा मीटिंगमध्ये असला आणि फोन सुनेने उचलला, तरी तिला ते शोधत बसावं लागत नाही.